विमानाचे पाय

माझ्या साडूइतका अहंकारी, हट्टी आणि कुणाच्याही काडीच्या उपयोगी न पडणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर तोही माझ्याच सासरचा जावई असणार. हे मी रागाने लिहीत नाही. रागानेच लिहायचं असतं तर लग्न झालं त्याच वर्षी लिहिलं असतं, तेव्हा राग ताजा होता. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. चांदवडकडच्या आमच्या गावातून एसटीने ये-जा करून बी.कॉम. झालो आणि सरकारी कचेरीत लागलो. लग्नाच्या बैठकीत माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, चारचौघांत "पोरगा ग्रॅज्युएट हाये" असं सांगितलं, तेव्हा माझी छाती किती फुगली असेल ते सांगत नाही. ती हळदीपर्यंत टिकली. हळदीच्या दिवशी थोरले जावई, म्हणजे हेच आमचे साडूभाऊ, माझ्या पिवळ्या तोंडासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय हो ग्रॅज्युएट, विमान उतरताना आधी कुठला पाय बाहेर काढतं? डावा की उजवा?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग शिकलात काय?" म्हणून ते जेवायला निघून गेले. विमानागणिक याचं उत्तर वेगळं असतं, म्हणजे मुळात प्रश्नच चुकीचा होता, हे मला पुढे कळलं. पण तोवर उशीर झाला होता. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'ग्रॅज्युएट' झालो, आणि जी पदवी मी एवढी घाम गाळून मिळवली ती सासरी चेष्टेचं नाव होऊन बसली.

साडूभाऊ नाशिकरोडच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर. पण चित्रकला पोटापुरती. त्यांचं खरं काम म्हणजे विमानाचे पाय. काही हौशी लोक रिमोटवर उडणारी मोठमोठी मॉडेल विमानं बनवतात, पंखांचा पसारा खाटेच्या लांबीचा, कधी त्याहूनही मोठा. असलं विमान उडालं की त्याची चाकं खऱ्या विमानासारखी पोटात जायला हवीत आणि उतरायच्या वेळी बाहेर यायला हवीत. हौशी मंडळी याला रिट्रॅक्ट म्हणतात. साडूभाऊ 'पाय' म्हणायचे. वीतभर लांबीचा ॲल्युमिनियमचा पाय, त्याच्या आत स्प्रिंग, खाली मोसंब्याएवढं रबरी चाक, वरच्या टोकाला बिजागरी, आणि ती फिरवणारा एक बारीक स्क्रू नि मोटर. बटण दाबलं की चाक घुंई करत वर जायचं, पुन्हा दाबलं की खाली यायचं. बस, एवढंच. विमान त्यांनी जन्मात बनवलं नाही आणि उडवलंही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "उडायला काय लागतं? वाऱ्यावर पिशवीपण उडते. उतरायला पाय लागतात."

आमची सासुरवाडी सायखेड्याची. ओझरकडे उतरणारी विमानं तिथून डोक्यावरून जातात. गावातली माणसं ती बघून बघून कंटाळली, पण साडूभाऊंना आवाज आला की मान वर झालीच पाहिजे. विमानाकडे ते बघतच नसत, फक्त चाकं बाहेर येण्याच्या क्षणाकडे बघत. माझ्या चुलत सासऱ्यांचा दहावा होता. गोदावरीच्या घाटावर पिंड मांडलेला, ऊन चढलेलं, सगळे कावळ्याची वाट बघत ताटकळलेले. त्या शांततेत एक विमान डोक्यावर आलं आणि साडूभाऊ मोठ्यानं ओरडले, "आला! उजवा आधी आला!" गुरुजींसकट सगळ्यांनी उजवीकडच्या झाडाकडे पाहिलं. कावळा नव्हता. चुलत सासूबाईंनी तेवढ्यात हात जोडून, डोळे पुसूनही घेतले होते. तात्या दात आवळून म्हणाले, "मास्तर, मेलेल्याला तरी सुखानं जाऊ द्या." साडूभाऊंना त्याचं काहीच नाही. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बघितलं का ग्रॅज्युएट? डावा जरा अडकत होता."

स्वतःचे पायसुद्धा त्यांना बाहेर राहिलेले सोसत नसत. कुठेही बसले की पहिल्यांदा पाय वर घेऊन मांडी. डॉक्टरांच्या बाकावर मांडी, एसटीच्या सीटवर मांडी, मुख्याध्यापकांनी कानउघाडणी करायला बोलावलं तर त्यांच्या खुर्चीतही मांडी. आणि दुसऱ्याच्या बसण्याला हे मार्क देणार. मी कचेरीतून दमून येऊन सोफ्यावर टेकलो की म्हणायचे, "जड उतरलात." माझ्या मुलाने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा घर टाळ्या वाजवत होतं आणि हे भुवया उंचावून, "दोन पायांत अंतर फार ठेवतो. पण स्थिर आहे."

त्यांच्या हातून चूक म्हणून कधी झाली नाही. निदान त्यांनी ती कधी मान्य केली नाही. दूध उतू गेलं तर दूध वाईट. पाय तुटला तर विजेचा दाब कमी. शाळेच्या भिंतीवर त्यांनी एकदा उडता मोर काढला, त्याला पायच नव्हते. पोरांनी विचारलं तर म्हणाले, पोटात घेतलेत. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो सर, मोर असे पाय आत घेत नाही." साडूभाऊ म्हणाले, "मग ती मोराची चूक आहे." तो मोर अजून तसाच उडतोय. मी स्वतः जाऊन पाहिलाय.

असल्या माणसाला सासरी मान असावा का? पण होता. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आम्ही दोघे जावई बोलावलेले. जावयाच्या वाणात तेहतीस अनारसे द्यायची रीत. यांनी आधीच निरोप धाडला, अनारसे नकोत, तेवढीच बारीक बेअरिंगं द्या, आणि कुठल्या मापाची तेही कळवलं. सासूबाईंनी खरोखर दिली! ताटात दिवा, विडा आणि चकचकीत तेहतीस बेअरिंगं, वर हळदकुंकू वाहिलेलं. सगळ्या बायका ती बघायला गोळा झाल्या. मला अनारसे मिळाले. चांगले जाळीदार झाले होते, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

हा सगळा उद्योग चालायचा तात्यांच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. नाशिकरोडच्या दोन खोल्यांत लेथ मशीन ठेवणार कुठे, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई ड्रिलच्या नुसत्या आवाजाने वर यायच्या. म्हणून शनिवारी शाळा सुटली की हे आणि ताई एसटीने सायखेड्याला. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. असल्या माणसाबरोबर हसून संसार कसा करता येतो हे मला त्या बाईंकडे बघून कळलं, म्हणजे कळलं नाहीच, फक्त दिसलं. हे दिवसभर शेडमध्ये घासत बसायचे आणि ताई दारात बसून लसूण सोलत त्यांच्या शिव्या ऐकायच्या. जरा जवळ गेल्या की, "हात लावू नकोस! तेलकट हात!" ताई म्हणायच्या, "नाही लावत बाई. सवत आहे माझी, मला माहितीये." दसऱ्याला हत्यारांची पूजा मात्र त्या सोडायच्या नाहीत. लेथला झेंडूची माळ, पायांना हळदकुंकू. साडूभाऊ उभं राहून ओरडायचे, "सांध्याला कुंकू नको, कण अडकतो!" ताई खाली चाकाला बोट लावायच्या.

नवं काही बनलं की मजबुती बघायला साडूभाऊ ते कांद्याच्या गोणीला खालून बांधायचे आणि गोणी शेडच्या माळ्यावरून सोडून द्यायचे. पाय टिकला तर गोणी उभी राहायची. बहुधा टिकायचा नाही. मळाभर कांदे गडगडत जायचे आणि तात्या बांधावरून बघत राहायचे. अशी चार-पाच वर्षं बघून शेवटी तात्या एकदा आम्हा दोघांसमोर म्हणाले, "मास्तर, आता बास. उन्हाळ कांदा ठेवायला जागा नाय. एक पाय तरी विकला का तुम्ही?"

खरं तर त्याच वेळी एक गिऱ्हाईक दारात आलं होतं. पुण्याचे एक गृहस्थ मोठी मॉडेल विमानं बनवून द्यायचे. त्यांनी कुठूनतरी साडूभाऊंचे पाय पाहिले, आणि फोनवर म्हणाले, दसऱ्याला विमान घेऊनच येतो, तुमच्या पायांवर उडवून बघू, नीट उतरलं तर पुढची सगळी विमानं तुमच्याच पायांवर. हे ऐकून तात्यांनी निकाल देऊन टाकला. "पुण्यावाल्यानं पसंत केलं तर शेड तुमची. मी हाये तवर कोणी हात लावणार नाय. नाय केलं, तर दिवाळीच्या आत पसारा उचलायचा." साडूभाऊ म्हणाले, "शेडला नाव काय द्यायचं तेवढं ठरवून ठेवा." पण त्या दिवशी परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांची मांडी नव्हती. म्हणाले, "शेड गेली तर मी काय करायचं हो? रविवारी सकाळी उठून माणसानं काय करायचं?" मी दोघांची तिकिटं काढली. त्यांच्याशी प्रेमाने कसं बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं.

त्या नवरात्रात ताई चांदवडच्या देवीला गेल्या आणि घरातल्या सगळ्यांसाठी लाल धागे घेऊन आल्या. माझ्या मनगटाला बांधला, पोरांच्या बांधला, तात्यांच्याही बांधला. साडूभाऊंनी हात मागे घेतला. "चाकावर काम करतोय, मला दोऱ्या नकोत." ताईंनी तो उरलेला धागा पदरात बांधून ठेवला.

नवमीला पुण्याचे गृहस्थ विमान घेऊन आले. पाय बसवण्यात दिवस गेला. विमान उचलून धरून साडूभाऊंनी चाकं इतक्या वेळा आतबाहेर केली की शेवटी गृहस्थच म्हणाले, "मास्तर, मोटर जळेल." मग ते नाशिकला मुक्कामाला गेले. दसऱ्याला सकाळी ताईंनी पूजा केली, विमानाच्या नाकाला कुंकू, पंखावर झेंडू, आणि साडूभाऊंना बजावलं, "पूजा झालेल्या वस्तूला आता मुहूर्तापर्यंत हात लावायचा नाही. एवढं माझं ऐकाच." सोयाबीन काढलेल्या रानात रोलर फिरवून ठेवला होता. अर्धं गाव जमलं होतं, त्यातले निम्मे तरी मजा बघायला. तात्या खुर्ची टाकून बसलेले. झेंडू काढून विमान मातीवर ठेवलं तेव्हा पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "एकदा उचलून पाय आतबाहेर बघू या का?" साडूभाऊ ताईंकडे बघून हसले. "काल बघितलेत. आज पूजा झालीये. आमच्या घरच्यांचं म्हणणं, आता थेट सीमोल्लंघन." त्या माणसाने आयुष्यात बायकोचं मोकळ्या मनाने ऐकलं ते हे एवढं एकच.

विमान उठलं. दोन्ही पाय घुंई करत पोटात गेले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर आभाळात नुसतं गुळगुळीत पोट दिसत होतं. "उतरवू या," पुण्याचे गृहस्थ म्हणाले आणि बटण दाबलं. डावा पाय बाहेर आला. उजवा आला नाही. पुन्हा दाबलं, डावा आत गेला, बाहेर आला. उजव्याची जागा तशीच बंद. "उजवा," साडूभाऊ हळू आवाजात म्हणाले, जसं कुणाला हाक मारावी तसं. शेवटी पेट्रोल संपत आलं म्हणून गृहस्थांनी विमान एका पायावर टेकवलं. क्षणभर उभं राहिलं बिचारं, मग उजवा पंख मातीत गेला, विमान गरकन फिरलं आणि पंखाचे तुकडे रानभर उडाले.

सगळ्यांच्या आधी साडूभाऊ धावले, त्यांच्या मागे मी. ते गुडघ्यांवर बसले आणि विमानाच्या पोटात बोटं घातली. मला त्यांच्या खांद्यावरून दिसलं. बारीक स्क्रूभोवती लाल धागा गुंडाळला गेला होता, ग्रीसने काळा पडलेला, पण एक टोक अजून लाल होतं. तसाच माझ्या मनगटाला होता. साडूभाऊंनी तो खेचला, तुटेना, मग वाकून दातांनी तोडला आणि मुठीत घेतला. माझ्याकडे वळून बघितलं. "ग्रॅज्युएट, तुम्ही काही पाहिलं नाही."

तोवर लोक पोचले होते. ताई ओवाळायचं ताट घेऊन येत होत्या, ताटातला दिवा विझला होता. साडूभाऊ उठून उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं म्हणाले, "माझी चूक. स्क्रू आवळायचा राहिला."

मोराची चूक काढणारा माणूस हा!

पुण्याचे गृहस्थ सभ्य होते. होतं असं कधीकधी, म्हणाले, तुकडे गोळा केले आणि गेले. परत त्यांचा फोन आला नाही. तात्या खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "एवढा एक स्क्रू आवळता आला नाय, मास्तर?" म्हणाले, आणि जमलेले हसले. माझ्या तोंडावर शब्द आले होते. मी स्पष्ट बोलणारा माणूस, कचेरीत साहेबालाही सोडत नाही. पण साडूभाऊंची मूठ अजून मिटलेली होती, म्हणून मीही तोंड मिटलं.

दिवाळीच्या आत शेड रिकामी झाली. लेथ कुणीतरी घेऊन गेलं, बाकीचं भंगारात. उरला एक पाय, तो नाशिकरोडला टीव्हीच्या शेजारी शोकेसमध्ये उभा राहिला. पुढच्या उन्हाळ्यात तात्यांनी शेडमध्ये कांदा भरला आणि पावसाळ्यात निम्मा सडला. मला बरं वाटलं, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग सासरी एक नवीच चेष्टा सुरू झाली. कपाट हललं, नळ गळला, कुणाची चप्पल तुटली, की "मास्तर, स्क्रू आवळला होता का?" तात्यांनी सुरू केलं, पोरांनी उचललं, लग्नात, बारशात, सगळीकडे. साडूभाऊ मांडी घालून हसायचे. त्यांची जुनी मग्रुरी परत यावी, त्यांनी कुणाचातरी अपमान करावा, म्हणून मी वाट बघायचो. माझाच केला असता तरी चाललं असतं. ते मात्र विमानाचा आवाज आला तरी मान वर करेनासे झाले.

एकदा दोघे आमच्या घरी जेवायला आले होते. चहा पिता पिता ताई एकदम म्हणाल्या, "आता सांगून टाकते. त्या दिवशी मी देवीचा धागा बांधला होता विमानाला. पार वर, आतल्या बाजूला, ह्यांना दिसू नये असा. दिसला असता तर ओरडले असते. पण त्या धाग्यानंच राखलं बघा. नाहीतर एवढं मोठं धूड, कुणाच्या अंगावर आलं असतं म्हणजे?" माझा कप हातातच राहिला. साडूभाऊंनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "तरीच. मी म्हणतोय, कुणाला लागलं कसं नाही." ताईंचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी उठून आत पाणी प्यायला गेलो.

ताई गेल्या वर्षी गेल्या. तात्या त्यांच्या आधीच गेले होते. म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. निदान आमच्या पोरांना तरी कळावं की तो स्क्रू सैल नव्हता.

यंदाच्या दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मी साडूभाऊंकडे गेलो. ते खुर्चीत बसले होते, पाय खाली जमिनीवर सोडून. शोकेसमधला पाय पुसून टेबलावर ठेवला होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, सगळीकडे, सांध्यालासुद्धा. आणि वर, बिजागरीच्या आतल्या बाजूला, लाल धागा बांधलेला.

मी म्हटलं, "साडूभाऊ, तिथं बांधलात तर अडकेल की."

"अडकू दे," ते म्हणाले. "कुठं जायचंय आता."

मी आपट्याचं पान त्यांच्या हातात ठेवलं. एरवी आम्ही नुसता हात मिळवतो. या वेळी का कोण जाणे, मी वाकून नमस्कार केला. मग समोरच्या खुर्चीत बसलो. वरून एक विमान गेलं. दोघांपैकी कुणीच वर पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जड उतरलात, ग्रॅज्युएट," ते म्हणाले.